सिमोन सिन्योरेबद्दल तुम्ही विचारलंत

मागच्या अंकात फ्रेंच नटी सिमोन सिन्योरेवर थोडंसं लिहिलं आणि पत्रांचा पाऊस पडला. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका प्रश्नाला मात्र इतरांपेक्षा बरीच जास्त जागा दिली आहे, कारण तो वाचून मी अस्वस्थ झाले. तो कुठला, हे वाचताना कळेलच.

प्रश्न : ताई, तिचे वडील ज्यू होते असं तुम्ही लिहिलंत. मग जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये तिने नाझीधार्जिण्या वर्तमानपत्रात नोकरी केली, हे खरं का? खरं असेल तर तिला एवढं डोक्यावर का घ्यायचं?

खरं आहे. आणि ते आपल्याला माहीत आहे, कारण तिने स्वतःच आपल्या आठवणींच्या पुस्तकात ते लिहून ठेवलं.

तिचं मूळ नाव सिमोन कामिंकेर. जन्म २५ मार्च १९२१चा, जर्मनीतल्या वीसबाडेनचा. वाढली ती पॅरिसला लागून असलेल्या न्युयीत. वडील आंद्रे कामिंकेर नामांकित दुभाषे. १९४० साली फ्रान्स पडला, तेव्हा ते लंडनला जनरल द गॉलच्या बाजूला गेले. मागे राहिली आई, दोन लहान भाऊ आणि ही एकोणीस वर्षांची मुलगी. घरात येणारा पैसा बंद. तिच्या शाळेतली कोरीन ल्यूशेर तोवर सिनेनटी झाली होती. कोरीनचे वडील झाँ ल्यूशेर तेव्हा ‘ले नुव्हो ताँ’ हे दैनिक काढत होते, आणि जर्मनांशी त्यांचं संधान उघड होतं. तिथे सिमोनला सचिवाच्या हाताखाली काम मिळालं. त्या पगारावर घर चाललं.

पण १९४१ मध्ये तिने ती नोकरी सोडली. त्या उपाशी पॅरिसमध्ये पक्का पगार सोडणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. ती ‘कॅफे द फ्लोर’मध्ये जाऊन बसू लागली. तिथे लेखक, चित्रकार, काम नसलेले नट, स्पेनमधून आणि जर्मनीतून पळून आलेले लोक असत. आपला खरा जन्म फ्लोरच्या बाकावर झाला, असं ती पुढे म्हणत असे. सिनेमात काम करायचं तर अधिकृत ओळखपत्र लागे आणि ज्यूंना ते मिळत नसे. म्हणून तिने आईचं माहेरचं नाव, सिन्योरे, लावलं आणि बिनपरवान्याची एक्स्ट्रा म्हणून गर्दीत उभी राहिली. मार्सेल कार्नेच्या १९४२च्या ‘ले व्हिझितर द्यु स्वार’मध्ये राजवाड्यातल्या बायकांच्या घोळक्यात ती आहे. याच चित्रपटासाठी नेपथ्यकार त्रोनेर आणि संगीतकार कोझ्मा हे दोघेही ज्यू लपून काम करत होते. म्हणजे पडद्यावर मध्ययुगातली जत्रा, आणि पडद्यामागे जीव मुठीत धरलेली माणसं.

ल्यूशेरला युद्धानंतर, १९४६ साली, गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. सिमोनच्या त्या काही महिन्यांच्या नोकरीवर मी पांघरूण घालणार नाही. पण तिने ती लपवली नाही, तिच्यासाठी सबबी शोधल्या नाहीत, आणि तिच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना हे महिने मला पुनःपुन्हा आठवतात. नंतर आयुष्यभर ती गप्प बसायला तयार नव्हती, त्यामागे हे महिने असावेत असं मला वाटतं.

प्रश्न : तुमच्या सांगण्यावरून ‘कास्क दॉर’ पाहिला. ती सुंदर दिसते हे कबूल. पण ती काही बोलतच नाही! यात अभिनय कुठे आहे?

छान विचारलंत. पहिला नाच पुन्हा लावा.

सेन आणि मार्न नद्यांच्या काठच्या त्या जुन्या नाचगाण्याच्या खानावळींपैकी एक, झ्वाँव्हिलची. काळ १९००च्या आसपासचा. पॅरिसच्या बेलव्हिल वस्तीतल्या गुंडांची टोळी आपापल्या बायकांना घेऊन होड्यांतून आली आहे. बाकीच्या होड्या पुरुष वल्हवतात, मारीची होडी मारीच वल्हवते. इथेच अर्धी व्यक्तिरेखा कळते, एकही वाक्य न बोलता. आत गेल्यावर वादकांच्या मंचाचं सुतारकाम करणारा मांदा तिला दिसतो. हा सेर्ज रेज्जियानी, बुटका, बारीक, मिशीवाला. मारी नाचते आहे रोलाँबरोबर, जो तिला आपली मालमत्ता समजतो. वॉल्ट्झमध्ये जोडी गरगर फिरते. प्रत्येक गिरकीत मारीचं तोंड मांदाच्या बाजूला आलं की तिची नजर त्याच्यावर पडते, पाठ फिरली की तुटते, पुन्हा तोंड फिरलं की तिथेच येऊन टेकते. मान ताठ, एक हात सरळ खाली सोडलेला, चेहऱ्यावर हसू असं नाहीच. तिच्याबरोबर नाचणाऱ्याला हळूहळू काय चाललंय ते उमजतं.

हे करायला किती शिस्त लागते! नाचाचा तोल सांभाळायचा, नजर नेमक्या क्षणी नेमक्या जागी न्यायची, आणि हे सगळं आपसूक घडतंय असं वाटायला हवं. दिग्दर्शक जाक बेकरने संवाद मुद्दामच कमी ठेवले होते, कारण ती काय करू शकते हे त्याला ठाऊक होतं.

या चित्रपटाच्या वेळचा एक प्रसंग तिनेच सांगितला आहे. १९४९च्या ऑगस्टमध्ये साँ-पॉल-द-व्हाँसला ‘कोलोम्ब दॉर’ या खानावळीत तिची गायक-नट ईव्ह मोंताँशी भेट झाली. ती तेव्हा दिग्दर्शक ईव्ह आलेग्रेची बायको आणि लहानग्या कातरीनची आई होती. सगळं सोडून ती मोंताँकडे आली, आणि १९५१च्या डिसेंबरमध्ये त्याच गावात त्यांचं लग्न झालं. ‘कास्क दॉर’ सुरू व्हायच्या वेळी तिला त्याच्यापासून दूर जाववेना. तिने बेकरला नकार कळवला. बेकर रागावला नाही. तिचं म्हणणं त्याने मान्य केलं आणि आपण दुसरी नटी घेतो असं शांतपणे सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिने गाडी पकडली.

१९५२ मध्ये फ्रान्समध्ये हा चित्रपट चालला नाही. इंग्लंडमध्ये मात्र तिला त्यासाठी सर्वोत्तम परदेशी अभिनेत्रीचा ब्रिटिश अकादमी पुरस्कार मिळाला. पुढच्या सगळ्या घडामोडींचं मूळ इथे आहे.

प्रश्न : ‘ले दियाबोलिक’मध्ये ती एवढी थंड का वाटते?

आंरी-जॉर्ज क्लूझोचा १९५५चा हा चित्रपट संपताना प्रेक्षकांना विनंती केली जाते, की शेवट कोणाला सांगू नका. ती मी पाळते. एवढंच सांगते : पुन्हा एकदा पाहा, आणि या वेळी फक्त सिन्योरेवर लक्ष ठेवा. आखूड कापलेले केस, काळा चष्मा, ओठांत सिगारेट. दुसऱ्या वेळी तिचा थंडपणा अगदी वेगळा दिसेल.

प्रश्न : ऑस्कर एका इंग्लिश चित्रपटासाठी? तेही हॉलीवूडच्या एवढ्या मोठ्या नट्यांसमोर?

हो. १९६० सालच्या समारंभात तिच्याविरुद्ध कोण होतं पाहा : ऑड्री हेपबर्न, कॅथरीन हेपबर्न, एलिझाबेथ टेलर, डोरिस डे. आणि जिंकली एका छोट्या खर्चाच्या ब्रिटिश चित्रपटातली फ्रेंच बाई. ‘रूम ॲट द टॉप’, दिग्दर्शक जॅक क्लेटन. आदल्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवातही सर्वोत्तम अभिनेत्री तीच ठरली होती.

कथा उत्तर इंग्लंडमधल्या गिरणीच्या गावाची. बरंचसं चित्रीकरण ब्रॅडफर्ड परिसरात झालं. वर चढायला निघालेला तरुण कारकून जो लॅम्पटन एकीकडे गिरणीमालकाच्या मुलीवर डोळा ठेवतो, दुसरीकडे वयाने मोठ्या, नवऱ्याच्या जाचात अडकलेल्या ॲलिसच्या प्रेमात पडतो. मूळ कादंबरीतली ॲलिस इंग्लिश आहे. चित्रपटात तिला फ्रेंच केलं, आणि त्यामुळे ती त्या गावात दुप्पट एकटी पडली.

सिन्योरे तेव्हा सदतीस-अडतीस वर्षांची. त्या काळी पडद्यावर या वयाची बाई तरुणाच्या प्रेमात पडली की ती एक तर खलनायिका असे किंवा कीव करण्याजोगी. ॲलिस यांतली कुठलीच नाही. ती हुशार आहे, तिला देहसुख हवं आहे आणि त्याची तिला लाज वाटत नाही. जो तिला सोडतो तेव्हा ती आक्रस्ताळेपणा करत नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळतं, की हे असंच होणार हे तिला आधीपासून माहीत होतं, तरी तिने आशा केली होती. ब्रिटनमध्ये या चित्रपटाला फक्त प्रौढांसाठीचं ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळालं. पण ब्रिटिश सिनेमात कामगारवस्तीचं खरं आयुष्य दाखवण्याची जी लाट पुढे आली, तिचा आरंभ इथे धरतात. तिच्या केंद्रस्थानी एक फ्रेंच नटी असावी, याचं मला अजून नवल वाटतं.

प्रश्न : मोंताँ आणि मेरिलिन मन्रोचं प्रकरण तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

गाळलं, कारण ते तिच्या कामाचा भाग नाही. विचारलंच आहे तर थोडक्यात सांगते. १९६० मध्ये मोंताँ आणि मन्रो लॉस एंजेलिसला एका चित्रपटात काम करत होते, आणि दोन्ही जोडपी बेव्हर्ली हिल्स हॉटेलात शेजारी-शेजारी राहत होती. ऑस्करनंतर सिन्योरे इटलीत चित्रीकरणाला गेली. मागे जे घडलं ते जगभरच्या वर्तमानपत्रांनी चघळलं. तिने आठवणींत मन्रोबद्दल एकही कडू वाक्य लिहिलं नाही. उलट एक दृश्य लिहिलं आहे : ज्या बाईने कधी काळी जुन्या हॉलीवूडमधली नटी जीन हार्लो हिचे केस रंगवले, ती म्हातारी दर शनिवारी यायची, आणि हॉटेलच्या छोट्या स्वयंपाकघरात मेरिलिन आणि सिमोन दोघी तिच्याकडून केस रंगवून घेत, तिच्या जुन्या गोष्टी ऐकत बसायच्या. मला वाटतं, वाचकांनीही हेच लक्षात ठेवावं.

प्रश्न : तिचे तिशीतले आणि पन्नाशीतले फोटो शेजारी ठेवून पाहिले. वाईट वाटलं. एवढी देखणी बाई पन्नाशीत सत्तरीची दिसते! दारू-सिगारेट सोडून स्वतःची जरा काळजी घेतली असती, तर आणखी वीस वर्षं नायिका राहिली असती ना?

हाच तो प्रश्न. वेगवेगळ्या शब्दांत तो बऱ्याच जणांनी विचारला आहे, आणि विचारणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत.

ती प्यायची, सिगारेट ओढायची, हे खरं. चेहरा जड झाला, डोळ्यांखाली पिशव्या आल्या, शरीर सुटलं. तिने ना काही ताणून घेतलं, ना कॅमेऱ्याला लांब ठेवलं. पण ‘नायिका राहिली असती’ म्हणजे काय मिळवलं असतं, ते मला सांगा. तिने त्या वर्षांत जे केलं ते मी सांगते.

१९६९. झाँ-पिएर मेलविलचा ‘लार्मे देझोंब्र’, जर्मनांविरुद्धच्या गुप्त लढ्याचा चित्रपट. मातिल्द ही त्या गटातली सगळ्यांत धाडसी, सगळ्यांत डोकेबाज बाई. जर्मन नर्सच्या वेषात रुग्णवाहिका घेऊन थेट गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, तुरुंगात शिरते. ही भूमिका तरुण, रेखीव चेहऱ्याला देऊन पाहा मनातल्या मनात. सगळं खोटं होईल. गर्दीत कोणी वळून पाहणार नाही अशी, पिशवी घेऊन चाललेली मध्यमवयीन बाई, हेच तर मातिल्दचं शस्त्र आहे. तिची एकच चूक : मुलीचा फोटो ती पाकिटात बाळगते. लिनो व्हेंतुराचा गेर्बिये तिला तो काढून टाकायला सांगतो. ती काढत नाही. पुढे काय होतं ते ज्यांना आधी कळून घ्यायचं नाही त्यांनी हा परिच्छेद इथेच सोडावा. पकडल्यावर जर्मन त्याच मुलीची धमकी देतात, आणि तिचेच साथीदार गाडीतून येऊन तिला रस्त्यात गोळ्या घालतात. गाडी जवळ येते तेव्हा ती थांबते आणि बघते. त्या नजरेत भीती आहे, ओळख आहे, आणि कदाचित संमतीही आहे. मेलविल ती नजर आपल्याला नीट पाहू देतो. तिशीतली सिन्योरे अप्रतिम होती, पण ही नजर तिला तेव्हा देता आली नसती.

१९७१. ‘ल शा’, जॉर्ज सिमनोंच्या कादंबरीवरून. पॅरिसबाहेरच्या कूर्बव्ह्वामध्ये आजूबाजूची घरं पाडली जात आहेत, आणि उरलेल्या एका घरात म्हातारं जोडपं एकमेकांशी बोलणं टाकून राहतं. तो झाँ गाबँ. ती एके काळची सर्कसमधली झुल्यावरची कलाकार, पडल्यामुळे आता लंगडणारी. त्याचं सगळं प्रेम मांजराला, आणि ती मांजराचा मत्सर करते. पन्नाशीची बाई, समोर फ्रेंच सिनेमातला सर्वांत मोठा नट, आणि दोघांमध्ये जवळपास शब्दच नाहीत. ती जिना उतरते तेव्हा आधी कठड्यावर हात, मग दुखरा पाय, मग क्षणभर थांबणं. त्या एका उतरण्यात तिचं झुल्यावरचं सगळं तारुण्य दिसतं. बर्लिन चित्रपट महोत्सवात त्या वर्षी अभिनयाची दोन्ही रौप्य अस्वलं, म्हणजे तिथले पुरस्कार, या घरातच आली, एक गाबँला, एक तिला.

आणि १९७७. ‘ला व्ही दव्हाँ स्वा’, एमिल अजार या टोपणनावाने रोमाँ गारीने लिहिलेल्या कादंबरीवरून. मादाम रोझा ही ऑश्विट्झमधून वाचलेली ज्यू बाई, एके काळची वेश्या, आता वेश्यांच्या मुलांना सांभाळणारी. जिने चढताना तिला धाप लागते, मन हळूहळू अंधारात जातं, तळघरात तिने लपायची एक जागा करून ठेवली आहे. या भूमिकेसाठी सिन्योरेने स्वतःला आणखी म्हातारं, आणखी जाड करून घेतलं. तेव्हा ती छपन्न वर्षांची होती. तिला सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार मिळाला, आणि चित्रपटाला परदेशी भाषेतला सर्वोत्तम म्हणून ऑस्कर. रोझा राहते बेलव्हिलमध्ये. ‘कास्क दॉर’ची मारीही बेलव्हिलचीच होती. मधे पंचवीस वर्षं गेली. आणि जिने जीव वाचवायला बापाचं आडनाव झाकलं होतं, ती आता पडद्यावर ते सगळं उघडं घेऊन उभी होती.

दोन फोटो शेजारी ठेवून जे हरवलं ते दिसतं. मधले चित्रपट पाहिल्याशिवाय जे कमावलं ते दिसत नाही. पुरुष नटाच्या सुरकुत्यांना आपण ‘वजन आलं’ म्हणतो. गाबँच्या बाबतीत कोणीही मला असं पत्र लिहिलेलं नाही. माझी कळकळीची विनंती आहे, हे तीन चित्रपट पाहा आणि मग मला पुन्हा लिहा.

प्रश्न : ती कम्युनिस्ट होती का?

पक्षाची सभासद ती कधीच नव्हती, पण डाव्यांबरोबर होती. अण्वस्त्रांविरुद्धच्या १९५०च्या स्टॉकहोम आवाहनावर तिची सही होती. त्यामुळे अमेरिकेचा व्हिसा तिला आणि मोंताँला अनेक वर्षं मिळत नव्हता. १९५६ मध्ये बुडापेस्टवर सोव्हिएत रणगाडे चालून गेले आणि लगेच मोंताँचा रशिया दौरा होता. दोन्ही बाजूंनी शिव्या खात ते गेले, आणि मॉस्कोत सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हसमोर जेवणाच्या टेबलावर हंगेरीचा विषय काढला. १९६० मध्ये अल्जीरियातल्या युद्धाविरुद्धच्या एकशे एकवीस जणांच्या जाहीरनाम्यावर तिने सही केली. सही करणाऱ्यांना सरकारी रेडिओ-टीव्हीची दारं बंद झाली. ऑस्कर मिळून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते.

१९७०चा कोस्ता-गाव्रासचा ‘लाव्हू’ यासाठी जरूर पाहा. प्रागमधल्या १९५२च्या बनावट खटल्याची ही खरी गोष्ट. नवरा मोंताँ, बायको सिन्योरे. आणि पक्षावरच्या निष्ठेपोटी ती बायको नवऱ्याचा जाहीर धिक्कार करते. दोघांनी स्वतःच्या जुन्या विश्वासाची झडती पडद्यावर घेतली.

प्रश्न : रंगभूमीवर?

१९६६ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात ॲलेक गिनेसबरोबर लेडी मॅक्बेथ केली. समीक्षकांनी तिच्या इंग्रजी उच्चारांवरून तिला झोडपलं. शेक्सपिअर इंग्रजीत, तोही लंडनमध्ये! हे धाडस मला आवडतं.

प्रश्न : सुरुवात कुठल्या चित्रपटापासून करू? आणि तिचं लिहिलेलं काही वाचायला मिळेल का?

थरार आवडत असेल तर ‘ले दियाबोलिक’, नाहीतर ‘कास्क दॉर’. त्यानंतर ‘रूम ॲट द टॉप’. मग थेट ‘लार्मे देझोंब्र’. माक्स ओफ्युल्सचा ‘ला रोंद’ आणि कार्नेचा ‘तेरेझ राकँ’ अधेमधे कधीही. ‘शिप ऑफ फूल्स’ लांबलचक आहे, पण तिचे प्रसंग सोडू नका. त्यासाठी तिला दुसऱ्यांदा ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

आठवणींचं पुस्तक १९७६ मध्ये आलं आणि फ्रान्समध्ये तुफान खपलं. इंग्रजी भाषांतर आहे, जुन्या पुस्तकांत शोधा. १९८५ मध्ये तिने ‘आद्यो व्होलोद्या’ ही मोठी कादंबरी लिहिली, पूर्व युरोपातून पॅरिसला येऊन शिवणकाम करणाऱ्या ज्यू कुटुंबांची. तेव्हा तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला नॉर्मंडीतल्या ओतय गावच्या घरी कर्करोगाने ती गेली, चौसष्टाव्या वर्षी. कादंबरी आधी वाचायची की आठवणी, असं विचाराल तर आठवणी आधी. ‘ल शा’ मात्र यादीत शेवटी ठेवा आणि एकट्याने पाहू नका; नंतर त्याबद्दल बोलायला कोणीतरी लागतंच.